नुरा कुस्तीची वही

अमेरिकेतल्या रिंगमधल्या व्यावसायिक कुस्तीच्या जुन्या मॅच मी पुन्हा पुन्हा का बघतो, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय मी आपणहून काढत नाही. काढला की समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी हसू येतं, मग थोडी कीव, आणि मग तो प्रश्न: "अहो, पण ते सगळं खोटंच असतं ना? त्यात तीस-तीस वर्षं जुन्या मॅच. कोण जिंकलं ते तुम्हाला पाठ आहे. मग वही-पेन घेऊन बघत काय बसता?"

वही आहे, हे खरं. आता तिसरी चालू आहे. आणि तिच्यात जवळजवळ एकाच माणसाच्या मॅच आहेत: ब्रेट हार्ट. गुलाबी-काळा पोशाख, तेलानं ओले केलेले केस, रिंगमध्ये शिरण्याआधी आपला गॉगल कडेला बसलेल्या एखाद्या पोराच्या डोळ्यांवर चढवणारा. कॅनडातल्या कॅल्गरीचा. वडील स्टू हार्ट स्वतः पैलवान आणि कुस्त्यांचे आयोजक. बारा भावंडं, आणि घराच्या तळघरात तालीम. त्या तळघराला सगळे 'डंजन' म्हणत, म्हणजे अंधारकोठडी. तिथे स्टू नवख्यांना खरे पेच लावून अक्षरशः किंचाळायला लावत. खोट्या कुस्तीचं शिक्षण खऱ्या वेदनेनं सुरू व्हायचं, ही त्या घराची गंमत.

आता 'खोटं' या शब्दाबद्दल. आपल्याकडे आधी ठरवून खेळलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात, आणि तो शब्द शिवीसारखाच वापरतात. बरोबरच आहे, कारण तिथे बघणाऱ्याला फसवलेलं असतं. अमेरिकेतल्या या धंद्यानंही कैक दशकं हेच केलं. पण आता ते गुपित राहिलेलं नाही. मग उरतं काय? शेवट ठरलेला असतो, काही महत्त्वाच्या जागाही ठरलेल्या असतात, पण मधली वाट निदान त्या काळात तरी बरीचशी तिथल्या तिथेच काढावी लागायची. हेडलॉक (समोरच्याचं डोकं काखेत आवळणं) लावला की तोंड समोरच्याच्या कानाशी जातं, केस पुढे येतात, आणि पुढचा डाव कुजबुजला जातो. ब्रेटचे लांब केस मला आधी फक्त ऐट वाटायचे. फार उशिरा लक्षात आलं की तो पडदा होता.

म्हणून मी मॅच आधी एकदा सरळ बघतो आणि मग आवाज बंद करून. समालोचक गप्प झाला की काय वाटून घ्यायचं हे सांगणारं कुणी उरत नाही. मग मी हात बघतो. फेकताना समोरच्याची मान कुठे धरली आहे, पाठ टेकायच्या आधी हात ढिला झाला का, पडलेल्या माणसाच्या मनगटाला हलकेच दाबून 'ठीक आहेस ना' असं विचारलं का. वहीत जे लिहितो ते बहुतेक हेच. तारे-बिरे देत नाही. साडेचार तारे म्हणजे काय, हे मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही.

पहिली वही सुरू झाली ती समरस्लॅम १९९१ वरून. समरस्लॅम म्हणजे दर उन्हाळ्यातला कुस्त्यांचा मोठा कार्यक्रम. २६ ऑगस्ट, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. समोर कर्ट हेनिग, म्हणजे मिस्टर परफेक्ट, इंटरकॉन्टिनेन्टल चॅम्पियन, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या पट्ट्याचा मानकरी. लहानपणी माझ्या लेखी या मॅचमध्ये एवढंच होतं की ब्रेट जिंकला आणि प्रेक्षकांत बसलेल्या आईवडिलांच्या गळ्यात पडला. हेनिगच्या पाठीला त्या वेळी गंभीर दुखापत होती, हे खूप नंतर वाचलं. या मॅचनंतर तो वर्षभराहून जास्त काळ रिंगमध्ये उतरला नाही. हे कळल्यावर मॅच पुन्हा लावली आणि चक्क दुसरीच मॅच दिसली. केसांना धरून फेकलं की हेनिग नेहमीसारखा कोलांटत जातोय, कोपऱ्यावर आदळतोय, कुठेही हात आखडता नाही. आणि शेवट बघा. ब्रेट पाठीवर उताणा, हेनिग त्याच्यावर पाय आदळतो, तो पाय ब्रेट पडल्या पडल्या पकडतो आणि तिथूनच शार्पशूटर वळवतो. हेनिग जवळजवळ लगेच हार मानतो. पूर्वी मला हे घाईचं वाटायचं. शार्पशूटर म्हणजे माणसाला पालथा घालून त्याचे दोन्ही पाय मागे मुडपून कमरेवर बसणं. सारा ताण पाठीवर. दुखऱ्या पाठीच्या माणसाला त्यात किती वेळ ठेवायचं? तो पेच तसा लवकर सुटायचं खरं कारण मला माहीत नाही असं तुम्ही म्हणाल, तर म्हणा. माझ्या वहीत मात्र तिथे 'सुटका' असं लिहिलंय.

तुम्हाला एकच मॅच बघायची असेल तर कुठली, हाही प्रश्न असतोच. मी वेम्बली सांगतो. समरस्लॅम १९९२, २९ ऑगस्ट, लंडनमधलं उघडं स्टेडियम, जाहीर केलेला आकडा ऐंशी हजारांच्या वर. समोर डेव्ही बॉय स्मिथ, 'ब्रिटिश बुलडॉग', म्हणजे ब्रेटची बहीण डायना हिचा नवरा. मेव्हण्या-मेव्हण्यांची कुस्ती, डायना प्रेक्षकांत, कॅमेरा सारखा तिच्यावर. घरचं पोर म्हणून सगळं लंडन डेव्हीच्या बाजूला, आणि निकालही त्याच्याच बाजूला ठरलेला.

ब्रेटनं नंतर सांगितलेली हकिकत अशी: मॅच सुरू होऊन थोडाच वेळ झाला आणि डेव्हीनं त्याला सांगितलं की मी सगळं विसरलो. त्याची तब्येत धड नव्हती, दम नव्हता, आणि ठरवलेलं काहीच आठवत नव्हतं. आता ऐंशी हजार माणसांसमोर जवळपास पंचवीस मिनिटं काढायची आहेत आणि जोडीदाराची पाटी कोरी आहे. ब्रेटनं एकेक डाव त्याच्या कानात सांगत त्याला शेवटापर्यंत नेलं.

हे कळल्यावर आवाज बंद करून बघा. ब्रेट वारंवार डेव्हीला हेडलॉकमध्ये घेतो. पूर्वी मी या भागाला कंटाळायचो, 'इथे मॅच रेंगाळते' असं वहीत लिहिलंसुद्धा होतं. ते खोडलं. तो रेंगाळत नव्हता, डेव्हीला श्वास घेऊ देत होता आणि पुढचं सांगत होता. वर हे सगळं करताना तो लोकांचा रोषही ओढवून घेत होता, म्हणजे डेव्ही आपोआप नायक ठरत होता. शेवटाकडे दोघं एकमेकांवर आदळून आडवे होतात, आणि झोपल्या झोपल्या ब्रेट पायांनी डेव्हीचे पाय अडकवून शार्पशूटर लावतो. डेव्ही सरपटत दोरापर्यंत पोचतो. तेव्हा स्टेडियममधून जो आवाज उठतो, तो ऐकायला मात्र आवाज चालू करा. मग ब्रेट त्याच्यावरून उडी घेऊन त्याला उलटा ओढू बघतो, डेव्ही तिथेच पाय दाबून बसतो, ब्रेटचे खांदे टेकलेले, रेफरी मोजतो एक-दोन-तीन. पट्टा गेला.

ब्रेटची ही सगळ्यात मोठी मॅच, आणि ती तो हरला. ज्याला खांद्यावरून वाहून आणलं त्याचाच हात शेवटी वर झाला. मी ब्रेटच्या मॅच बघतो त्या यासाठी. जिंकणं आधीच कुणाच्या तरी नावावर लिहिलेलं असतं, तेव्हा कसब फक्त दुसऱ्याला मोठं करण्यातच दिसतं. आणि ते पहिल्या खेपेला दिसत नाही. पहिल्या खेपेला दिसलं, तर ते फसलेलं असतं.

तुमच्यातल्या जाणकारांचा आक्षेप मला माहीत आहे: ब्रेट दर मॅचला तेच चार-पाच डाव त्याच क्रमानं करतो. करतो. पाय अडकवून मागे पाडणं, गुडघ्यावर पाठ आदळणं, दुसऱ्या दोरावरून कोपर, आणि शेवटी शार्पशूटर. मलाही काही मॅचमध्ये ते हजेरी घेतल्यासारखं वाटतं. पण जून १९९३ ची डेटनची किंग ऑफ द रिंग ही बाद फेऱ्यांची स्पर्धा बघा. एका रात्रीत तीन मॅच, रेझर रामोन, मिस्टर परफेक्ट, बॅम बॅम बिगलो. तिन्ही जिंकल्या, तिन्ही पिन करून (म्हणजे समोरच्याचे खांदे तीन मोजेपर्यंत टेकवून), तिन्ही वेगळ्या रीतीनं, आणि शार्पशूटरवर एकही नाही. तीन देहांना तीन उत्तरं. बिगलोसारख्या अवाढव्य माणसाला ब्रेट उचलून आपटायला जात नाही, त्याच्या खांद्यांवर चढून त्याला त्याच्याच वजनानं खाली ओढतो.

उलट त्याची उसनवारीही मला आवडते. एप्रिल १९९२, रेसलमेनिया (वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम), इंडियानापोलिस, समोर रॉडी पायपर. पायपर रिंगची घंटा उचलतो, रक्तबंबाळ ब्रेटच्या डोक्यात घालायला हात वर नेतो आणि विचार बदलतो. (ते रक्तही ब्रेटनं मुद्दाम काढलं होतं, मनाई असताना, आणि अपघात वाटेल अशा बेतानं. हे त्यानं आत्मचरित्रात कबूल केलंय.) मग पायपर मागून गळा आवळतो. ब्रेट कोपऱ्याच्या गाद्यांवर पाय देऊन मागे झेपावतो, पायपर खाली, ब्रेट वर, तीन. आता नोव्हेंबर १९९६ ला या, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, समोर स्टीव्ह ऑस्टिन. तोच आवळलेला गळा, तेच कोपऱ्यावर पाय, तोच शेवट. वहीत मी 'कॉपी' असं रागानं लिहिलं होतं. पुढच्या वेळी बघताना ऑस्टिनकडे बघितलं. पायपर हरल्यावर ब्रेटच्या कमरेला स्वतः पट्टा बांधतो. ऑस्टिन हरल्यावर फसवलं गेल्यासारखा चवताळतो. डाव तोच, माणूस बदलला की अर्थ बदलतो. 'कॉपी' खोडलं नाही, शेजारी प्रश्नचिन्ह काढलं.

ब्रेट आणि ऑस्टिनची मार्च १९९७ ची मॅच सगळ्यांनी इतकी वाखाणली आहे की मी थोडक्यात आवरतो. शिकागोजवळचं रोजमॉन्ट, ऑस्टिन शार्पशूटरमध्ये, चेहरा रक्तानं माखलेला, हार न मानता बेशुद्ध होतो. आत आला तेव्हा खलनायक ऑस्टिन होता, बाहेर जाताना ब्रेट. बघायची जागा म्हणजे शेवटानंतरची दोन मिनिटं. ब्रेट पडलेल्या माणसाला मारायला परत जातो आणि लोक त्याला हुर्यो करू लागतात. वर्षानुवर्षांचं लोकांचं प्रेम त्यानं स्वतःच्या हातानं उतरवून समोरच्याला दिलं.

१९९६ ची शॉन मायकल्सबरोबरची साठ मिनिटांची मॅच? आदर आहे. पण साठ मिनिटांत एकही पिन नाही, निकाल जादा वेळेत. मी दोनदा पाहिली. दुसऱ्यांदा मधेच डुलकी लागली.

माँट्रियलबद्दलही विचारता. नोव्हेंबर १९९७, ब्रेटला न सांगता मालकानं घंटा वाजवायला लावली आणि पट्टा काढून घेतला. माझ्या वहीत ती मॅच नाही. तिथे ठरलेलं मोडलं गेलं, आणि मी ठरलेलं पाळताना काय काय करावं लागतं ते टिपतो. तिच्यावर लोकांनी भरपूर लिहिलंय, ते वाचा.

वहीत सगळ्यात जास्त पानं मात्र ओवेनची आहेत. मार्च १९९४, रेसलमेनियाची पहिलीच मॅच, ब्रेट विरुद्ध धाकटा भाऊ ओवेन, वीस मिनिटं. ओवेन मत्सरी भाऊ, खलनायक. अडचण अशी की तो उडण्यात इतका देखणा होता की लोकांनी त्याच्याच नावानं टाळ्या पिटल्या असत्या. म्हणून दोघांनी त्याच्या उड्यांना कात्री लावली. त्याऐवजी ओवेन काय करतो ते बघा: छोटासा डाव जमला तरी दोन्ही हात वर करून जग जिंकल्यासारखा नाचतो. लोक चिडतात. भाऊ ज्याला साधं समजतो त्याचा तो उत्सव करतो. शेवटी ब्रेट त्याच्या खांद्यांवरून गुंडाळी घालायला जातो आणि ओवेन वरच बसून तीन मोजून घेतो. त्याच रात्री ब्रेट योकोझुनाला हरवून विश्वविजेता होतो, सगळे त्याला खांद्यावर घेतात, आणि वाटेवर ओवेन उभा राहून नुसता बघतो.

२३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत ओवेन छतावरून दोरीनं उतरताना पडून गेला. ब्रेटची कारकीर्दही त्याच वर्षीच्या डिसेंबरात डोक्याला बसलेल्या एका लाथेनं जवळपास संपली. आपल्या हातून समोरच्याला कधी गंभीर इजा झाली नाही, हे आयुष्यभर अभिमानानं सांगणारा माणूस. त्या मॅचही मी पाहिलेल्या नाहीत, आणि पाहणार नाही.

तर सध्या काय चाललंय? समरस्लॅम १९९०, फिलाडेल्फिया, तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या अशी मॅच. ब्रेट आणि जिम नाइडहार्ट ही जोडी विरुद्ध डेमॉलिशन ही जोडी. समोरच्यांचा तिसरा गडी ॲक्स रिंगखाली दडून बसतो आणि रेफरीची पाठ वळली की जोडीदाराशी जागा बदलतो. तो नेमका कुठल्या क्षणी रिंगखाली शिरतो ते मला टिपायचंय. दर वेळी माझं लक्ष तेव्हा ब्रेटकडेच असतं.