आपण विचारलेत म्हणून : नाटक बसवायला कोणते ॲप लागते?

जिंतूर, सेलू, गंगाखेड अशा गावांतून येणारे कलावंत घेऊन, एकही पगारी माणूस नसताना परभणीत नाटक कसे उभे करता आणि त्यासाठी कोणते ॲप वापरता, असे इतर हौशी संस्थांचे चिटणीस मला नेहमी विचारतात. विकत घेतलेले असे काहीच नाही. व्हॉट्सॲप आणि गुगलच्या फुकट सोयी यांवर आमचे भागते. मात्र कोणती गोष्ट कुठे लिहायची याचा दंडक आम्ही कडक ठेवला आहे.

व्हॉट्सॲपवर आमचे दोन ग्रुप आहेत. एकात फक्त ॲडमिनलाच लिहिता येते आणि तिथे तालमीची वेळ, जागा व ऐनवेळचे बदल यांखेरीज काही येत नाही. दुसऱ्यात वाढदिवसांपासून राजकारणापर्यंत सगळे चालते. गप्पाच बंद केल्या तर हौशी संस्थेत लोक कशाला येतील?

खरे काम करतो तो गुगल शीट्सवरचा तक्ता. डावीकडे पात्रांची नावे, वर प्रवेशांचे क्रमांक, आणि ज्या प्रवेशात जे पात्र आहे त्या चौकोनात खूण. त्याच्याखाली तारखा असतात व आपण कोणत्या दिवशी येणार नाही हे प्रत्येकाने तिथे स्वतः भरायचे असते. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारणपणे नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते, म्हणजे तालमी ऐन रंगात येतात तेव्हाच आमच्याकडे कापसाची वेचणी आणि रब्बीची पेरणी चालू असते. मजूर मिळाले त्या दिवशी शेतकरी नटाला रानातच थांबावे लागते, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नसतो. बुधवारी सेलूचे दोघे नाहीत असे तक्त्यात दिसले की ज्यांत ते नाहीत तेवढेच प्रवेश त्या दिवशी लावायचे. पूर्वी कोण नाही हे सगळे जमल्यावर कळायचे आणि मंडळी चहा पिऊन परतायची. आमचे एक ज्येष्ठ नट अजूनही म्हणतात, “तक्ता-बिक्ता राहू द्या, कधी यायचं तेवढं सांगा.” त्यांना फोन करतो आणि त्यांची ओळ मीच भरतो.

संहितेचे दुखणे निराळे आहे. डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली संहिता मोबाइलवर उघडली की नुसती अगम्य चिन्हे दिसतात, म्हणून ती कोणत्याही मोबाइलवर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्येच असावी असा आमचा आग्रह असतो. गुगल डॉक्समध्ये बोलून मराठी लिहिता येते. पण आपल्याकडचे ‘कामून’, ‘लई’, ‘न्हाई’ त्याला पुष्कळदा झेपत नाही आणि ते हातानेच बसवावे लागते. बदल सुचवण्याची मुभा सर्वांना आहे, प्रत्यक्ष बदल फक्त दिग्दर्शक करतात, आणि वगळलेला संवाद पुन्हा हवा झाला तर जुन्या आवृत्त्यांमध्ये तो सापडतो. प्रयोगापूर्वी संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र मिळालेली संहिता मात्र केवळ वाचता येईल अशी वेगळी ठेवावी. प्रॉम्प्टरच्या हाती आम्ही अजून कागदच देतो, कारण विंगेतल्या मोबाइलचा उजेड पहिल्या रांगेपर्यंत पोचतो.

ऑनलाइन तालमीबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. गुगल मीटवर तिघे किंवा अधिक जण असतील तर फुकट बैठक साठ मिनिटांची असते. वाचनाला आणि पाठांतराला तेवढा वेळ पुरतो. पण आवाज क्षणभर उशिरा पोचतो, त्यामुळे दोन संवादांमधली थांबण्याची जागा बिघडते, आणि विनोदी प्रवेश तर साफ मरतो. हालचाली तिथे बसवू नयेत.

गुगलची १५ जीबी जागा ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते व तालमींच्या चित्रफितींनी ती लवकर भरते. म्हणून चित्रफिती आम्ही यूट्यूबवर, दुवा असणाऱ्यालाच दिसतील अशा ठेवतो. ड्राइव्हवर पार्श्वसंगीत, नेपथ्याचे आराखडे आणि लेखकाचे परवानगीपत्र एवढेच राहते. हे सगळे कोणा एकाच्या खासगी खात्यावर न ठेवता संस्थेच्या नावाच्या ईमेलवर ठेवा. पासवर्ड इतिवृत्ताच्या वहीत नको, बंद पाकिटात अध्यक्षांकडे असू द्या आणि चिटणीस बदलले की तो त्याच बैठकीत बदलून घ्या.