टाळ, पखवाज आणि फुकटातले प्लगइन : माझा अनुभव

मावशीच्या भजनी मंडळाचे अभंग आषाढीआधी मिरजेच्या घरीच रेकॉर्ड करायचं ठरलं, तेव्हा हाताशी होतं ते एवढंच: दोन माइक लागतील असा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी), एक कंडेन्सर माइक, एक डायनॅमिक माइक, ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप आणि रीपर हे रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर. कंडेन्सर मावशीसमोर ठेवला, डायनॅमिक पेटी आणि पखवाज यांच्या मधोमध. टाळकरी दोघी तिच्या मागे, भिंतीला टेकून बसल्या. खोलीत मोझॅइकची फरशी, डोक्यावर पंखा. गाणं सुंदर झालं. ते ऐकण्याजोगं करायला कोणते इफेक्ट, म्हणजे रीपरमध्ये जोडायचे छोटे प्रोग्रॅम (प्लगइन), घ्यायचे, आणि तेही जवळजवळ पैसे न घालता, हा पुढचा प्रश्न होता.

‘सर्वोत्तम फुकट प्लगइन’ अशा याद्या शेकड्यांनी मिळतात. त्या मी बाजूला ठेवल्या. आधी कोरं रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकत वहीत दोष लिहिले. खाली पंख्याची घरघर. टाळ पडला की कानात टोचतं. मावशी खर्जात गेली की शब्द बुडतात, तारेत गेली की अंगावर येते. सगळे जण छोट्या खोलीत बसलेत हे लगेच कळतं. इतकेच दोष, आणि एका दोषाला एकच साधन हा नियम. मिक्सिंग शिकणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगते, कारण दोषाला नाव दिलं की शंभरातले पंच्याण्णव प्लगइन न वापरताच बाद होतात.

आणखी दोन अटी होत्या. प्लगइन ६४ बिटचा आणि व्हीएसटी३ असावा. व्हीएसटी हा प्लगइन बनवण्याचा साचा स्टाइनबर्ग या कंपनीने १९९६ मध्ये आणला. त्यातल्या जुन्या व्हीएसटी२ चं विकास-किट त्यांनी २०१८ मध्ये देणं बंद केलं. फुकटातले कितीतरी जुने, एके काळी गाजलेले प्लगइन ३२ बिटमध्येच अडकून पडलेत. रीपर ते चालवतो, पण पाच वर्षांनी हा प्रोजेक्ट दुसऱ्या मशीनवर उघडायचा झाला तर काय, हा विचार मला महत्त्वाचा वाटला. दुसरी अट: खातं काढा, मग डाउनलोड मॅनेजर घ्या, मग दर वेळी लॉगिन करा, असलं काही नको. आमच्याकडे पावसात नेट कधी जाईल याचा भरवसा नसतो.

पंख्याच्या घरघरीपासून सुरुवात केली. इथे नवीन काही लागलंच नाही. रीपरसोबत येणारा रीईक्यू हा ईक्यू (आवाजातले खालचे-वरचे थर कमी-जास्त करणारं साधन) पुरला. मावशीचा षड्ज काळी चार, म्हणजे साधारण २०८ हर्ट्झ. ती मंद्र पंचमापर्यंत उतरते, म्हणजे १५६ च्या आसपास. त्याखाली तिच्या गळ्यातलं काही नाहीच. म्हणून १०० हर्ट्झला हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर) लावला, तर गाण्याला धक्का न लागता पंख्याची खालची घरघर आणि विजेची ५० हर्ट्झची गुणगुण बरीचशी गेली. कुणाचा आवाज कुठून कापायचा हे प्रीसेटवरून ठरवू नये, त्याच्या स्वराच्या पट्टीवरून ठरवावं. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर हाच फिल्टर त्याचा मंद्र सप्तक खाऊन टाकेल.

उरलेल्या घरघरीला रीफर हा प्लगइन. हाही रीपरसोबतच येतो, आणि दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी विंडोजवर रीप्लग्ज या नावाने वेगळा फुकट मिळतो. ‘सबट्रॅक्ट’ मोडवर ठेवायचा, गाणं सुरू होण्याआधीचा नुसत्या खोलीचा तुकडा त्याला ऐकवायचा, त्यावरून तो गोंगाटाचा नकाशा बनवतो, मग तेवढं वजा करतो. नकाशा बनला की बनवायची खूण काढून टाकावी, नाहीतर तो गाण्यालाही गोंगाट समजू लागतो. पण याचा हात हलकाच ठेवायचा. जास्त वजाबाकी झाली की आवाजात पाण्याखालून आल्यासारखी बुडबुड येते, आणि ती पंख्यापेक्षा वाईट. मी थोडा पंखा राहू दिला. पखवाज सुरू झाला की तो ऐकूही येत नाही.

खरा वेळ गेला टाळात. टाळाचा आवाज म्हणजे सगळी ताकद वर, आणि ती एका क्षणात येते. मावशीच्या माइकमध्ये तो तिच्या शब्दांच्या बरोबरीने शिरला होता. साध्या ईक्यूने वरचा भाग कापला की टाळ मऊ होतो, पण ‘च’, ‘स’, ‘ठ’ हेही बोथट होतात, आणि अभंगात शब्द गेला तर उरलं काय? म्हणून मला असा ईक्यू हवा होता जो टाळ पडला की तेवढ्यापुरता कापेल आणि लगेच हात काढून घेईल. याला डायनॅमिक ईक्यू म्हणतात, आणि टोकियो डॉन या कंपनीचा टीडीआर नोव्हा तेच काम फुकटात करतो. त्यात चार बँड, शिवाय वर-खाली फिल्टर. प्रत्येक बँडला स्वतःचा थ्रेशोल्ड, म्हणजे कितीवर गेलं की काम सुरू करायचं ती पातळी. त्यांचीच पैसे देऊन घ्यायची मोठी आवृत्तीही आहे, पण मला फुकटवालीत काहीच कमी पडलं नाही.

टाळ नेमका कुठे टोचतोय हे कानाने अंदाजे कळत होतं, खात्री वॉक्सेंगोच्या स्पॅनने दिली. हा फुकट स्पेक्ट्रम दाखवणारा प्लगइन. आवाजाला तो हात लावत नाही, फक्त दाखवतो. मावशी थांबते आणि टाळ एकटा वाजतो अशा जागा शोधल्या. आमच्या टाळांचं टोक साडेसहा हजार हर्ट्झच्या आसपास दिसलं. नोव्हाचा एक बँड तिथे, अटॅक (कापायला लागण्याचा वेग) जलद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) आखूड, थ्रेशोल्ड असा की मावशीच्या ‘स’ला बँड जेमतेम हलेल आणि टाळाला चार-पाच डेसिबल खाली येईल. दुसऱ्याच मिनिटाला फरक कळला. टाळ आहे, लखलखतोय, पण टोचत नाही. सगळ्या खटाटोपातून एकच प्लगइन ठेवायची परवानगी असती, तर मी नोव्हा ठेवला असता.

पखवाजाला फार काही केलं नाही. डाव्या पुडीला वादक काकांनी कणीक ताजी लावली होती, तिचा खोल आवाज माइकमध्ये आधीच होता. रीईक्यूमध्ये ३०० हर्ट्झजवळचा थोडा घुमारा कमी केला, पेटी आपोआप मोकळी झाली.

खर्ज आणि तार यांच्यातल्या फरकाला कंप्रेसर (मोठा आवाज दाबून पातळी सारखी करणारं साधन) हे उत्तर, पण त्याआधी हाताचं काम आहे. मी ओळीओळीने आवाजाची पातळी रेषा ओढून वर-खाली केली. कंटाळवाणं आहे, पण जे हाताने होतं ते कंप्रेसरवर टाकलं तर तो श्वासही वर ओढतो. मग क्लांगहेल्मचा एमजेयूसी ज्युनियर लावला. फुकट, दोनच मोठी बटणं आणि वेग ठरवायला तीन घरांचा एक खटका. व्हॅल्व्हच्या जुन्या कंप्रेसरच्या धर्तीचा. दोन-तीन डेसिबलपेक्षा जास्त दाबला नाही. टोकियो डॉनचा कोटेलनिकॉव्ह कंप्रेसरही फुकट आहे आणि अतिशय स्वच्छ. तो मी शेवटी सगळ्या मिश्रणावर अगदी हलका ठेवला. गळ्यावर मात्र मला किंचित ऊब हवी होती.

दोन प्लगइनची तुलना करताना दोन्हींची पातळी सारखी करूनच ऐकावं. अर्धा-एक डेसिबल मोठा असलेला नेहमी ‘छान’ वाटतो, आणि कितीतरी इफेक्ट चालू करताच आवाज थोडा मोठा होतो. पातळी सारखी केल्यावर माझ्या निवडीतले दोन उमेदवार तिथेच गळाले.

मग खोली. देवळाच्या सभामंडपासारखा विस्तार हवा, पण शब्द धुवून जायला नकोत. वाल्हाला सुपरमॅसिव्ह हा रिव्हर्ब (जागेचा घुमारा देणारा इफेक्ट) २०२० पासून फुकट आहे आणि त्याचं कौतुक सगळीकडे ऐकलं होतं. तो उतरवून ऐकला. अफाट, आकाशभर पसरणारा. तानपुऱ्यावर ठेवून तासभर ऐकत बसावं असा. पण भजनी ठेक्यावर तो नको. तिथे ओरिलरिव्हर बसला, तोही फुकट, आणि त्यात जवळच्या भिंतींचा परतावा व मागून येणारी शेपटी वेगवेगळी ठरवता येते. सगळ्यांना एकाच रिव्हर्बकडे पाठवलं, म्हणजे सगळे एकाच जागेत बसल्यासारखे वाटतात. शेपटी दीड सेकंदाच्या आत, सुरुवातीचा विलंब ३० मिलिसेकंद, आणि रिव्हर्बकडे जाणाऱ्या वाटेवर २५० हर्ट्झच्या खालचं आणि ६००० च्या वरचं कापलेलं. टाळाचा चटका रिव्हर्बमध्ये गेला की सगळा मंडप पत्र्याचा होतो. शेवटी गजर सुरू होऊन लय चढते, तिथे शेपट्या एकमेकींवर चढायला लागल्या, म्हणून त्या भागात रिव्हर्बचं प्रमाण लयीबरोबर उतरवत नेलं.

अभंगाआधीच्या संथ आलापाला मात्र ओरिलरिव्हर थोडा कोरडा वाटला. तिथे इफेक्टसाठी पैसे खर्च केले, आणि ते एवढ्याच एका जागी. वाल्हालाचा व्हिंटेजव्हर्ब, ५० डॉलर. त्यांचा सेल कधी लागत नाही, म्हणून वाट बघण्यात अर्थ नसतो. आधी डेमो उतरवला. त्यात अधूनमधून आवाज जातो, बाकी सगळं चालतं. त्यातला ‘१९७० चं दशक’ हा रंग मुद्दाम वरची टोकं कापून टाकतो, दहा हजार हर्ट्झच्या पलीकडे काही जातच नाही, आणि त्यामुळे मावशीचा आलाप मऊ, अंधुक उजेडासारखा पसरतो. पैसे भरताना बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा परदेशी व्यवहार आधी चालू करावा लागला. डॉलरच्या भावावर बँकेचा अधिभार आणि त्यावर जीएसटी हेही हिशोबात धरावं.

एका ओळखीच्याने क्रॅक केलेल्या महागड्या संचांचा पेन ड्राइव्ह देऊ केला होता. नाही म्हटलं. व्हायरसची भीती हे एक कारण. दुसरं, माझ्यासाठी मोठं: हे प्लगइन लिहिणारी अनेक घरं म्हणजे एक-दोन माणसं आहेत. एअरविंडोजचे ख्रिस जॉन्सन एकटे, सगळा कोड खुला ठेवून, लोकांच्या ऐच्छिक वर्गणीवर शेकडो इफेक्ट देतात. इतकं उघड्या हाताने दिलेलं असताना चोरायचं कशाला? रीपरचंही तसंच. ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतो, नंतर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला. मुदत संपल्यावरही तो उघडतो, तरी मी परवाना घेतला.

शेवटी मोठेपणा. यूलीनचा फुकट लाउडनेस मीटर लावून पूर्ण अभंग एकदा वाजवला. यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसपेक्षा (हे मोठेपणाचं माप) मोठं असलेलं खाली आणतं, म्हणून ओढूनताणून मोठं करण्यात फायदा नाही. मी उणे १६ च्या जवळ थांबले आणि शिखरांना आवर घालायला लाउडमॅक्स हा फुकट लिमिटर ठेवला, बाहेर जाणारी पातळी उणे १ डेसिबलवर. टाळाची दोन-चार टोकं सोडली तर तो हललाच नाही.

ऐकून मावशी म्हणाली, “टाळ आता बरोबर लागतोय, पण तिसऱ्या अभंगात पेटी जरा पुढे आण गं.” पेटीचा माइक दीड डेसिबल वर घेतला. मग प्रत्येक ट्रॅक २४ बिट वेव्हमध्ये दोनदा काढून ठेवला, एकदा कोरा आणि एकदा इफेक्टसकट, शेजारी सगळ्या प्लगइनच्या इन्स्टॉलर फाइल्स.