अ. पा. क. चुलते

आमच्या एकल महिला मदत केंद्रात सोमवारी एक ताई आल्या. निराधारचा अर्ज नामंजूर का झाला, एवढंच त्यांना विचारायचं होतं. नवरा नोव्हेंबरात हार्ट अटॅकनं गेला, वय ३४. मुलगा सात वर्षांचा, मुलगी चार वर्षांची. कापडी पिशवीत घरातले सगळे कागद कोंबून आणले होते. बाई काय विचारायला आली ते नीट ऐकून घ्यायचं, पण पिशवी टेबलावर पूर्ण रिकामी करायची आणि एकेक कागद वाचायचा, असा आमचा शिरस्ता आहे. त्या दिवशी तो किती उपयोगी पडला ते पुढे येईलच.

नामंजुरीचं कारण लगेच सापडलं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत महिन्याला १५०० रुपये मिळतात, त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. ताईंचा दाखला ४८ हजारांचा होता. शिधापत्रिकेवर सासू, दीर, जाऊ सगळे एकत्र, त्यामुळे चौकशीत दिराची कमाईही धरली गेली. दीर यांना एक रुपया देत नव्हता, पण कागदावर तो यांचा पोशिंदा. आणि २१ हजार म्हणजे तरी काय? महिन्याला १७५० रुपये. बारा महिने मजुरीला जाणारी कुठलीही बाई खरं उत्पन्न सांगून या मर्यादेत बसत नाही. ही मर्यादा वाढवायलाच हवी, हे आम्ही दर बैठकीत सांगतो आणि सांगत राहू.

तोवर मार्ग आहे तो क्रमाचा. आधी शिधापत्रिका विभक्त करायची. त्यासाठी चूल वेगळी असल्याचा शेजाऱ्यांचा जबाब लागतो. त्यानंतर फक्त आई आणि मुलं धरून नवा उत्पन्न दाखला, आणि मग पुन्हा अर्ज. बहुतेक जणी घाईनं तोच दाखला जोडून दुसऱ्यांदा अर्ज करतात, तो पुन्हा परत येतो, आणि तेवढ्यात तीन-चार रोज बुडतात. ज्या घरात मिळवणारी एकटी तीच आहे, तिथं तालुक्याला मारलेली प्रत्येक खेप म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली आणि एसटीचं भाडंही गेलं. म्हणून एका खेपेत निदान तीन कामं व्हावीत असं आम्ही बघतो.

मग पिशवीच्या तळाशी घडी घातलेला एक कागद निघाला. ताई म्हणाल्या, "ते भाऊजींनी दिलंय, सही करून ठेव म्हणाले. शेताचं काहीतरी आहे."

ती वारस फेरफाराची, म्हणजे मयताच्या जागी वारसांची नावं जमिनीला लावण्याची, नोटीस होती, नमुना ९. जमीन एक एकर तीस गुंठे. भावाभावांची वाटणी आधीच झालेली, म्हणजे जमीन नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर. वारसांची नावं बरोबर होती: आई, पत्नी, मुलगा, मुलगी. हिंदू उत्तराधिकार कायद्यानं हे चौघे पहिल्या वर्गाचे वारस, चौघांचे हिस्से सारखे. दीर वारस नाही. पण मुलांच्या नावापुढे लिहिलं होतं: "अज्ञान, अ. पा. क. चुलते."

अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अज्ञान म्हणजे अजून सज्ञान न झालेल्या मुलाचा पालक. सातबाऱ्यावर ही तीन अक्षरं इतकी बारीक येतात की कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. पण मुलांचा मिळून निम्मा हिस्सा होतो, आणि मुलं सज्ञान होईपर्यंत त्या निम्म्या जमिनीबाबत नोटीस कुणाला जाणार, मुलांच्या वतीनं सही कुणाची मागणार, हे त्यावर ठरतं. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६, कलम ६ प्रमाणे वडिलांनंतर नैसर्गिक पालक आईच. चुलत्याचं नाव तिथं यायचं काही कारण नाही. तरी ते येतं, कारण तलाठ्याकडे वर्दी द्यायला दुःखाच्या दिवसांत घरातला पुरुष जातो आणि तो सांगेल तसं लिहिलं जातं. प्रत्येक वेळी त्यात डाव असतोच असं नाही. पुष्कळदा बाईला व्यवहारातलं काय कळतं, एवढीच समजूत असते, आणि तिचीही तीच समजूत करून दिलेली असते.

नोटिशीवर हरकतीची मुदत पंधरा दिवसांची. त्यातले नऊ गेले होते.

बाकी सगळं बाजूला ठेवून हरकतीचा अर्ज लिहिला. मजकूर चार ओळींचा: अज्ञान मुलांची आई हयात आहे, मुले तिच्यापाशी राहतात, कायद्याने तीच नैसर्गिक पालक आहे, सबब अ. पा. क. म्हणून तिचे नाव लावावे. सोबत दोन्ही मुलांचे जन्मदाखले, मृत्यूदाखला, ताईंचं आधार आणि नोटिशीची प्रत. अर्ज दोन प्रतींत. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊनच उठायचं. पोहोच नसेल तर हरकत दिलीच नव्हती असं म्हणायला वाव राहतो. ताईंना आणखी एक बजावून सांगितलं: हक्कसोडपत्रावर, म्हणजे आपला हिस्सा सोडून दिल्याच्या कागदावर, सही करायची नाही. आणि मुलांचा हिस्सा तर जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय आईलासुद्धा विकता येत नाही, हेही घरी ऐकवायचं.

दुपारी नवऱ्याचं पासबुक उघडलं. नवरा गेल्यापासून त्यात नोंदीच भरलेल्या नव्हत्या, म्हणून आधी बँकेतून छापून आणायला लावल्या. मे महिन्याच्या शेवटी ४३६ रुपये वजा. त्याआधीच्या पानावर, जुन्या वर्षांत, ३३० वजा. ही प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेची वर्गणी. आधी ३३० होती, जून २०२२ पासून ४३६ झाली. संरक्षण १ जून ते ३१ मे, मृत्यू नोव्हेंबरातला. म्हणजे दोन लाखांचा विमा चालू होता आणि घरात कुणालाच माहीत नव्हतं. नवरा गेलेल्या प्रत्येक बाईचं पासबुक आम्ही याच दोन आकड्यांसाठी चाळतो: ४३६ आणि २०. वीस रुपये अपघात विम्याचे असतात, तेही दोन लाखांचे, फक्त मृत्यू अपघाती असावा लागतो.

बँकेत मात्र गाडी अडली. फॉर्म २०१५ साली, योजना सुरू झाली तेव्हा भरलेला. लग्न २०१६ चं. नॉमिनी सासूबाई. लग्नानंतर नॉमिनी बदलायचं राहून जातं, ही आम्हाला सर्रास दिसणारी चूक. दावा सासूबाईंच्या सहीनं होणार, पैसे त्यांच्याच खात्यात येणार.

दुसऱ्या दिवशी ताई सासूबाईंना घेऊन आल्या. आजी आधी बोलेचनात. मग एकदम म्हणाल्या, "पैसे हिला दिले आन् उद्या ही माहेरी गेली, तर माझी नातवंडं मला दिसायची न्हाईत." ताई खाली बघून म्हणाल्या, "आत्या, मी कुठं जाऊ? शाळा हितं हाय पोरांची."

त्या भीतीवर आमच्याकडे फॉर्म नाही. आजींनाही मुलगा गेलाय, त्याही वारस आहेत, हे मान्य करूनच बोलत राहिलो. दीड तासानं त्यांनी दाव्यावर अंगठा दिला. पैसे आल्यावर पन्नास हजार आजींकडे आणि पाऊण-पाऊण लाख दोन्ही मुलांच्या नावे मुदत ठेवीत, पालक म्हणून आई, असं ठरलं.

त्याच बैठकीत बालसंगोपन योजनेचे दोन अर्ज भरले, प्रत्येक मुलामागे महिन्याला २२५०. ही रक्कम बालकल्याण समितीच्या आदेशानंतर सुरू होते आणि बऱ्याचदा थकून एकदम येते, म्हणून दर महिन्याच्या खर्चात ती धरू नका, हे आम्ही आधीच सांगतो. अर्जाला शाळेचा बोनाफाईड लागतो आणि घरासमोर आई व मुलांचा फोटोही. तो फोटो आजींनी ताईंच्या मोबाईलवर काढला.

फेरफार पुढच्या महिन्यात प्रमाणित झाला. ताईंनी उतारा आणून टेबलावर ठेवला आणि त्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून मला वाचायला लावलं: अ. पा. क. आई.