जुन्या गुरखाचा डिझेल फिल्टर आणि एअरचा शोध

माझ्याकडे बजाज टेम्पोच्या काळातली ट्रॅक्स गुरखा ही जीपसारखी गाडी आहे, म्हणजे २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स होण्याआधीची. तिच्यात मर्सिडीझच्या ओएम ६१६ घराण्यातले सुमारे २.४ लिटरचे डिझेल इंजिन आहे. वरंध घाट चढताना गाडी दम सोडू लागली. सपाटीवर काहीही जाणवत नसे, पण चढावर पूर्ण रेस दिली की इंजिनाला डिझेल कमी पडते आहे हे स्पष्ट कळत असे. फिल्टर चोंदल्याचे हे नेहमीचे लक्षण असल्यामुळे मी मुख्य फिल्टर आणि त्याच्या अलीकडचा छोटा पारदर्शक प्री-फिल्टर असे दोन्ही घरीच बदलले.

हे काम कोणालाही जमण्यासारखे आहे. फिल्टर ज्यावर बसतो त्या हेडच्या आजूबाजूची माती आधी ब्रशने आणि डिझेलने धुऊन काढावी, मधला बोल्ट सैल करून जुना फिल्टर खाली घ्यावा, जुनी रबरी रिंग हेडला चिकटून राहिलेली नाही हे बोट फिरवून पाहावे, नव्या रिंगला डिझेल लावावे आणि नवा फिल्टर स्वच्छ डिझेलने भरूनच बसवावा. मग हँड प्रायमरची, म्हणजे डिझेल भरण्याच्या हातपंपाची, मूठ सोडवून, जादा डिझेल टाकीकडे परत सोडणाऱ्या रिटर्नच्या व्हॉल्व्हमधून बारीक घरघर ऐकू येईपर्यंत पंप मारत राहावे. ती घरघर म्हणजे एअर, अर्थात डिझेलच्या मार्गात शिरलेली हवा, निघून फिल्टर भरल्याची खूण होय. गाडी तरीही सुरू झाली नाही, तर इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलकडचे नट १७ च्या पान्याने जरासे सैल करून सेल्फ मारावा आणि डिझेल आले की घट्ट करावेत. माझी गाडी मात्र एवढे काही न करताच सुरू झाली, आणि थोड्या वेळाने बंद पडली. पुन्हा प्रायमर मारला की चालू होई आणि पुन्हा तसेच होई.

ज्या गॅरेजमध्ये गाडी ओढून नेली, तिथल्या मालकांनी बॉनेट उघडून दोनदा सेल्फ मारला आणि नोझलना दाबाने डिझेल पुरवणाऱ्या इंजेक्शन पंपाबद्दल निकाल दिला, "पंप गेला, साहेब. उतरवून कॅलिब्रेशनला पाठवावा लागेल." फिल्टर बदलेपर्यंत घाट चढणारा पंप फिल्टर बदलताच कसा जाईल, असे मी विचारले, तेव्हा "जुन्या गाड्यांचे असेच असते" एवढेच उत्तर मिळाले. प्री-फिल्टरकडे कोणी पाहिले नाही, एकाही नळीला कोणी हात लावला नाही, आणि पंप उतरवण्याची तयारी मात्र लगेच सुरू झाली. याचा राग मला अजून आहे. हा इनलाइन पंप उतरवला की डिझेल नेमके केव्हा फवारायचे ते टायमिंग पुन्हा जुळवावे लागते, कॅलिब्रेशनचा, म्हणजे पंप मोजून जुळवण्याचा, खर्च वेगळा, आणि मूळ दोष दुसरीकडेच असेल तर हे सगळे करूनही गाडी तशीच बंद पडणार. मी पंपाला हात लावू दिला नाही आणि गाडी परत आणली.

या इंजिनात डिझेलचा मार्ग कसा आहे ते ध्यानात घेतले की शोध फार अवघड राहत नाही. इंजेक्शन पंपाच्या कडेला बसवलेला फीड पंप टाकीतून डिझेल ओढतो आणि पुढे मुख्य फिल्टरकडे ढकलतो. म्हणजे मुख्य फिल्टर दाबाच्या बाजूला आहे; तिथली रिंग किंवा तांब्याचा वॉशर नीट बसला नसेल, तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर पाझरते. माझ्या फिल्टरभोवती कागद फिरवला तर तो कोरडाच निघाला. उलट टाकीपासून फीड पंपापर्यंतची बाजू ओढीची आहे, तिथे फट असेल तर थेंबही बाहेर न पडता हवा आत ओढली जाते. गळती दिसत नाही म्हणून सगळे ठीक आहे, असे या बाजूबद्दल कधीही म्हणता येत नाही.

दुसरा पुरावा उतारावर मिळाला. गाडीचे तोंड खाली करून लावली की इंजिन निवांत चालत राही, आणि तोंड चढाकडे केले की थोड्याच वेळात गुदमरे. टाकी मागे असल्यामुळे चढावर ती फीड पंपाच्या मानाने आणखी खाली जाते, ओढ वाढते आणि हवाही जास्त शिरते. खात्रीसाठी मी फीड पंपाची इनलेट नळी काढली, तिथे दुसरी नळी जोडून ती बॉनेटच्या उंचीवर ठेवलेल्या स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडली आणि इंजिन सुरू केले. ते एकदाही अडखळले नाही. म्हणजे पंप निर्दोष होता. त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो गाडी सुरू झाल्यापेक्षाही पंप वाचल्याचा होता.

मूळ नळी परत जोडून प्री-फिल्टरवर विजेरी धरली, तेव्हा त्यात बारीक बुडबुड्यांची माळ सतत येताना दिसली. टाकीकडून येणारी रबरी नळी क्लिपजवळ वाकवून पाहिली. वरून काळी आणि धडधाकट दिसणारी ती नळी क्लिपच्या अगदी खाली केसाएवढ्या चिरेने उघडली. जुने रबर कडक झाले होते आणि प्री-फिल्टर बदलताना झालेली हालचालही त्याला सोसली नव्हती. चिरलेले टोक कापून तेवढ्यापुरते काम भागले असते, पण मी त्या बाजूचे सगळे रबरी तुकडे बदलले. नळी डिझेलसाठीचीच आणि नेमक्या मापाची घ्यावी, कारण सैल नळी क्लिपने कितीही आवळली तरी एअर घेतेच. साधी पारदर्शक प्लॅस्टिकची नळी तपासणीपुरतीच वापरावी. इंजिनाच्या उष्णतेने ती कडक होते.

आधी सांगायला हवे होते ते आता आठवले म्हणून लिहितो. नोझलचे नट सैल असताना बोट किंवा चेहरा जवळ नेऊ नये. तिथला दाब शंभर बारहून अधिक असतो आणि डिझेलची धार कातडीत घुसू शकते. सेल्फ सलग मारत राहू नये, मध्ये थांबून तो आणि बॅटरी दोन्ही निववावेत. प्रायमरची मूठ काम झाल्यावर पूर्ण आवळावी, कारण तीही हवा ओढू शकते. फिल्टरचा बोल्ट मात्र ताकदीने आवळू नये, नाहीतर हेडचे आटे जातात. आणि फिल्टर बदलल्यावर गाडी बंद पडत असेल व कोणी पंप उतरवायला सांगत असेल, तर आधी तुमच्यासमोर कॅनमधून थेट डिझेल देऊन इंजिन चालवून दाखवा, असा आग्रह धरा. त्याला एक नळी, एक कॅन आणि थोडासा वेळ लागतो.