पळण्याइतकीच विश्रांती

संध्याकाळी आम्हाला घरी न्यायला मैदानावर येणाऱ्या पालकांचा आमच्या खेळाच्या सरांना एक प्रश्न ठरलेला असे. "सर, पोरी नुसत्या उभ्याच दिसतात. पळतात कधी?" सर शांतपणे सांगत, "आत्ताच पळाल्या. आता पुढच्या धावेची तयारी चालली आहे." पालकांचं समाधान होत नसे. सराव म्हणजे दम लागणं, घामाघूम होणं, पाय लटपटणं अशी सगळ्यांचीच समजूत होती. आम्ही मात्र सहा-सात सेकंद जीव तोडून पळायचो आणि मग पाच-सहा मिनिटं सावकाश चालत परत यायचो.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा शाळेचा निरोप आला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. शाळेनं मला पुष्कळ दिलं, पण माझं पुढचं आयुष्य ज्यावर उभं राहिलं ते मैदानावर मिळालं. आज मी स्वतः मुलामुलींना कमी अंतराच्या शर्यतींसाठी तयार करते. माझ्या कामाचा पाया म्हणजे सरांनी तेव्हा धरलेला एक हट्ट: वेग ताज्या शरीरालाच शिकवता येतो.

हा हट्ट किती खोलवर बरोबर होता, ते मला पुढे शिकताना उमगलं. पूर्ण ताकदीनं पळताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिचा मोठा भाग स्नायूंतच साठवलेल्या क्रिएटिन फॉस्फेटमधून येतो. हा साठा काही सेकंदच पुरतो आणि बराचसा भरून यायला तीन ते पाच मिनिटं लागतात. मेंदूकडून स्नायूंना जे वेगवान हुकूम सुटतात त्यांनाही उसंत हवी असते. ती न देता मुलीला पुन्हा ओळीवर उभं केलं, तर ती मेहनत तेवढीच करते, पण पळते सावकाश. म्हणजे शरीर सराव करतं तो सावकाश पळण्याचाच. दमसास वाढतो, त्याचा उपयोगही असतो, पण शंभर मीटरची वेळ कमी होत नाही. सरांचा ढोबळ हिशेब होता, पूर्ण वेगाच्या दर दहा मीटरला एक मिनिट विश्रांती. तीस मीटरला तीन मिनिटं, साठला सहा. आजही जगभरचे प्रशिक्षक जवळपास हाच हिशेब धरतात.

त्याहून अवघड शिस्त होती थांबण्याची. प्रत्येक धावेची वेळ सरांच्या वहीत लिहिली जाई आणि एखादीची वेळ आधीच्या धावांपेक्षा स्पष्ट घसरली की सर म्हणत, "झालं तुझं. बूट बदल." कितीही विनवलं तरी "सर, एकच" चालत नसे. पूर्ण वेगाच्या दोन सरावांमध्ये निदान एक दिवस मोकळा ठेवायचा, हाही नियम होता. स्पर्धा तोंडावर आली की सगळीकडे सराव वाढवण्याची घाई सुटते. सर त्याच आठवड्यात धावांची संख्या कमी करत आणि वेग तेवढाच ठेवत. असं करायला प्रशिक्षकाच्या अंगी धीर लागतो. आज या बाजूला उभी राहून मी ते रोज अनुभवते.

सुटताना पाय रेटायला लावतात ते ठोकळे, म्हणजे स्टार्टिंग ब्लॉक, आमच्याकडे नव्हते. मैदान मातीचं होतं, म्हणून सर आम्हाला छोटे खड्डे खणायला लावत आणि खणता खणता सांगत की १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकं जिंकणाऱ्या जेसी ओवेन्सनंही खुरप्यानं असेच खड्डे खणले होते. ऑलिंपिकमध्ये ब्लॉक आले ते १९४८ ला लंडनमध्ये. त्याही आधी, १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा थॉमस बर्क वाकून, हात जमिनीला टेकवून सुटला आणि शंभर मीटरची शर्यत १२ सेकंदांत जिंकला, तेव्हा त्याची ती बैठक बघणाऱ्यांना विचित्र वाटली होती. या गोष्टींमुळे आपल्याकडे साधनं नाहीत असं आम्हाला कधी वाटलंच नाही. सुटण्याच्या बैठकीत पुढचा पाय ओळीपासून साधारण दोन पावलं मागे, मागचा तीन पावलं. मोजमाप स्वतःच्याच तळव्यानं करायचं.

सुटण्याच्या आवाजाला झटकन प्रतिसाद देण्याचा सराव सर फारसा घेत नसत. तेव्हा नवल वाटे, आता कारण कळतं. नियमानुसार आवाजानंतर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत हललात तर तो फॉल्स स्टार्ट ठरतो, म्हणजे तिथे कमवण्यासारखं थोडंच आहे. २००९ मध्ये बर्लिनला उसेन बोल्टनं शंभर मीटरचा ९.५८ सेकंदांचा विश्वविक्रम केला तेव्हा त्याचा प्रतिसाद ०.१४६ सेकंदांचा होता. चांगला, पण विक्रम काही त्यातून झाला नाही. सर वेळ देत ते त्यानंतरच्या पावलांना. शरीर पुढे कललेलं, नजर खाली, पाय जमिनीला मागे ढकलणारा. "उभी राहू नकोस, अजून उभी राहू नकोस," असं ते बाजूनं पळत ओरडत. सुरुवातीच्या पावलांत पाय जमिनीवर पूर्ण वेगातल्या पावलाच्या जवळजवळ दुप्पट वेळ असतो, त्या वेळात ढकलून घ्यायचं असतं. घाईनं ताठ झालेली मुलगी हा वेळ वाया घालवते. त्यासाठी सर आम्हाला छोट्या चढावर पळवत, कधी कमरेला दोरीनं टायर बांधत. टायर इतका जड नसावा की पळण्याची ढबच बदलेल, यावर त्यांची बारीक नजर असे.

आता ज्या गोष्टीबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे ती. जोरात पळायचं म्हणजे पाय भराभर हलवायचे, असं प्रत्येक मुलाला वाटतं. प्रेक्षकही तेच ओरडतात. सर मात्र म्हणत, "पाय हलवायची घाई नको, जमिनीला जोर दे. तापलेल्या फरशीवर पडल्यासारखा पाय पडला पाहिजे, टेकला न टेकला की वर." २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवेगळ्या कुवतीच्या माणसांना ट्रेडमिलवर त्यांच्या कमाल वेगानं पळवलं गेलं. पाय हवेतून पुढे आणायला लागणारा वेळ वेगवान आणि संथ धावपटूंमध्ये जवळपास सारखाच निघाला. खरा फरक होता तो जमिनीला दिलेल्या बलात. उत्तम धावपटूचा पाय पूर्ण वेगात सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ जमिनीवर असतो आणि तेवढ्यात त्याला शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर द्यायचा असतो. हे वाचलं तेव्हा मला सरांचा आवाजच ऐकू आला. त्यांनी ते कुठल्या प्रयोगशाळेत पाहिलं नव्हतं, वर्षानुवर्षं मुलांचे पाय निरखून ओळखलं होतं.

यातूनच पुढची गोष्ट येते. पाऊल लांब टाकायचं म्हणून पाय शरीराच्या फार पुढे टेकवला की तो ब्रेकचं काम करतो. पाऊल शक्यतो शरीराच्या खालीच, चवड्यावर पडायला हवं. लांबी जोरामुळे आपोआप येते. बोल्टनं बर्लिनच्या त्या विक्रमी शर्यतीत शंभर मीटर सुमारे ४१ पावलांत कापले, बहुतेक प्रतिस्पर्ध्यांपेक्षा कमी पावलांत, पण ती लांबी त्याच्या उंचीची आणि जोराची होती. सर जमिनीवर काठ्या आडव्या ठेवत, हळूहळू वाढत जाणाऱ्या अंतरावर, आणि प्रत्येक दोन काठ्यांच्या मध्ये एकच पाऊल टाकत पळायला लावत. प्रत्येकीसाठी अंतर वेगळं. उंच मुलीच्या काठ्यांमधून बुटक्या मुलीनं पळायचं नाही, असा दंडक होता. ते काठ्या सरकवत बसत तेव्हा बाकीच्या आम्ही चालत विश्रांती घेत असू.

गुडघे वर घेत उड्या मारण्याचे 'ए', 'बी' म्हणून ओळखले जाणारे ड्रिलही असत. पोलंडचे प्रशिक्षक जेरार्ड माख यांनी रूढ केलेले हे प्रकार आज जगातल्या प्रत्येक ट्रॅकवर दिसतात. माझं मत विचाराल तर त्यांचा अतिरेक होतो. ड्रिल सुंदर करणारी आणि पळताना जुन्याच ढबीत जाणारी मुलं मी पुष्कळ पाहते. सर ते वॉर्मअपमध्येच उरकत.

कमाल वेग मोजण्याची त्यांची रीत मी अजून तशीच वापरते. तीस मीटर वेग घ्यायचा आणि पुढच्या तीस मीटरची वेळ लावायची. हे तीस मीटर तीन सेकंदांत गेले तर वेग सेकंदाला दहा मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. बोल्टनं बर्लिनला ६० ते ८० मीटरच्या टप्प्यात ताशी ४४ किलोमीटरच्या वर वेग गाठला होता. या एका मोजणीतून मुलगी सुटण्यात कमी पडते की पूर्ण वेगात, हे लगेच कळतं आणि सराव कशाचा घ्यायचा ते ठरतं.

हाताच्या स्टॉपवॉचची वेळ खरी नसते, हेही सरांनी पहिल्यापासून सांगितलं. शर्यत सुटताना बोट उशिरा दाबलं जातं, म्हणून हातची वेळ विजेच्या यंत्रापेक्षा कमी भरते. शंभर मीटरच्या दोन वेळांची तुलना करताना हातच्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवण्याची प्रथा आहे. वहीत हातच्या वेळेपुढे सर न चुकता 'हा' लिहीत. पुढे मोठ्या स्पर्धेत पहिल्यांदा यंत्रावर वेळ लागली आणि अनेक मुली तो आकडा पाहून खचल्या. आमच्या शाळेच्या मुली नाही खचल्या.

शर्यतीच्या शेवटी काय होतं, याबद्दलचा गैरसमजही त्यांनी काढला. शंभर मीटरमध्ये शेवटच्या टप्प्यात वेग वाढवता येत नाही, सगळ्यांचाच थोडा घसरतो. ज्याचा कमी घसरतो तो पुढे गेल्यासारखा दिसतो. १९९१ ला टोकियोत, जागतिक स्पर्धेच्या शंभर मीटरमध्ये, कार्ल लुईस बराच वेळ मागे होता, शेवटी लेरॉय बरेलच्या पुढे गेला. वेळा होत्या ९.८६ आणि ९.८८, दोन्ही आधीच्या विश्वविक्रमापेक्षा सरस. अशा वेळी दात आवळून, खांदे उचलून जोर लावला की स्नायू एकमेकांशी भांडतात. "जबडा सोड, गाल हलू देत," सर म्हणत. ओळीवर थांबायचं नाही, तिच्या बरंच पुढेपर्यंत पळायचं. निकाल ठरतो तो धडाने. डोकं, मान, हात मोजत नाहीत. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा ५५.४२ सेकंदांत आली आणि कांस्यपदक ५५.४१ ला गेलं. हा शंभरावा भाग सर फळ्यावर लिहून दाखवत.

मुलींना ताकदीचे व्यायाम द्यायला तेव्हा बहुतेकांची तयारी नसे. सरांनी दिले. उठाबशा, उड्या, पायऱ्यांवरून दोन्ही पायांनी झेपा, जड चेंडू डोक्यावरून मागे फेकणं. मोठ्या मुलींना मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी एक खास व्यायाम होता: गुडघ्यांवर उभं राहायचं, मैत्रिणीनं घोटे धरायचे आणि पाठ सरळ ठेवून अगदी सावकाश पुढे झुकायचं. पळताना हा स्नायू बहुधा तेव्हा दुखावतो जेव्हा पाय पुढे फेकला जाऊन जमिनीला टेकण्याच्या बेतात असतो, स्नायू ताणलेला असतो आणि त्याच वेळी त्याला पायाला आवरायचं असतं. सावकाश झुकण्याचा व्यायाम नेमकी हीच ताकद देतो. त्यानं या दुखापती कमी होतात, हे पुढे अभ्यासांतूनही दिसून आलं.

आणि वाढीच्या वयाची ती वर्षं. हातपाय एकदम लांब होतात, तोल बदलतो, मुलींची वेळ महिनोन् महिने हलत नाही, कधी मागेही जाते. गुडघ्याखाली, टाचेत दुखू लागतं. अनेक मुली याच काळात मैदान सोडतात, कारण त्यांना कुणीतरी सांगतं की तुझं आता संपलं. सरांनी आमच्यातल्या एकीलाही असं सांगितलं नाही. दुखत असेल तर उड्या कमी करत, ढबीवर काम घेत आणि वेळ तशीच वहीत लिहीत राहत. "शरीर नवीन आलंय, ओळख व्हायला वेळ दे," एवढंच म्हणत. माझी वेळ पुन्हा कमी व्हायला लागली ती शाळा संपता संपता. सरांनी तो धीर दाखवला नसता तर मी आज या क्षेत्रात नसते, हे मी अगदी मनापासून लिहिते आहे.

महोत्सवानिमित्त मैदानाची नवी आखणी होणार असल्याचं कळलं. विश्वस्तांना आणि आताच्या खेळाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. सरळ धावपट्टी आखताना शेवटच्या ओळीपुढे निदान वीस मीटर मोकळी जागा सोडा, भिंत जवळ असली की मुलं ओळीच्या आधीच वेग कमी करतात. वेगाचा सराव दिवसाच्या शेवटी, फेऱ्या मारून झाल्यावर ठेवू नका. वॉर्मअपनंतर लगेच घ्या. काठ्या जपून ठेवा. सत्राच्या सुरुवातीला सगळ्यांच्या तीस मीटरच्या वेळा घ्यायला मी माझे टायमिंग गेट, म्हणजे वेळ आपोआप मोजणारं यंत्र, घेऊन येईन, वर्षाच्या शेवटी पुन्हा येईन.