गाठींची वही

चंपाषष्ठीच्या दिवशी घरात आला म्हणून आईने त्याचे नाव खंडू ठेवले. खंडोबाच्या दारी कुत्र्याला मान असतो, तेव्हा देवाचे नाव कुत्र्याला द्यायला हरकत कसली, असा तिचा हिशेब होता. त्या गोष्टीला आता बारा वर्षे होऊन गेली. लॅब्रॅडॉर जातीच्या कुत्र्याला बारा वर्षे म्हणजे पिकले पान; खंडूचे मुस्कट पांढरे झाले आहे, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तो थांबून विचार करतो आणि त्याच्या अंगावर आज सात गाठी आहेत.

पहिली गाठ सापडली ती गोचीड शोधताना. श्रावणातली संध्याकाळ होती, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचे ओले गवत तुडवून आम्ही परतलो होतो आणि मी नेहमीप्रमाणे त्याच्या अंगावरून बोटे फिरवत होतो. उजव्या बरगडीवर बोट अडले. गोचीड म्हणून चिमटीत धरायला गेलो तर ते कातड्याच्या खाली होते, मऊ होते, आणि बोटाखालून सुळकन बाजूला सरकले. आईने हात लावून पाहिला आणि म्हणाली, "आवाळू आहे. तुझ्या आजोबांच्या मानेवर होतं तसंच. ते घेऊन त्यांनी नव्वदी गाठली." एवढे बोलून तिने हळदीचा लेप उगाळायला घेतला.

त्या लेपामुळे दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरबाईंना सर्वांत आधी ओला बोळा मागवावा लागला, कारण कातडीचा मूळ रंग पाहिल्याशिवाय त्यांना काही बोलायचे नव्हते. मला मात्र एकच गोष्ट ऐकायची होती. मी विचारले, "चरबीचीच गाठ आहे ना?" त्या म्हणाल्या, "हाताला तसं वाटतंय. पण हाताला डोळे नसतात." मग त्यांनी इंजेक्शनची साधी बारीक सुई गाठीत घातली, दोन-तीनदा मागेपुढे केली आणि सुईत जे काही आले ते काचपट्टीवर फुंकले. भूल नाही, टाके नाहीत; खंडूचे सगळे लक्ष टेबलावरच्या बिस्किटाच्या बरणीकडे होते.

काचेवर तेलाचे बारीक थेंब चमकत होते, भजी उचलल्यावर कागदावर राहतात तसे. ते वाळेनात. डॉक्टरबाईंनी सांगितले की काच रंगवण्यापूर्वी अल्कोहोलमध्ये बुडवतात तेव्हा ही चरबी बरीचशी धुऊन जाते आणि सूक्ष्मदर्शकाखाली काच कोरी दिसते, म्हणून न वाळणारा हा तेलकटपणा आधी डोळ्यांनीच टिपून ठेवायचा. चरबीच्या पेशींची अशी निरुपद्रवी गाठ म्हणजे लायपोमा. उतारवयाच्या कुत्र्यांत ती सर्रास आढळते, त्यातही लॅब्रॅडॉर, डॉबरमन यांसारख्या जातींत आणि अंगाने सुटलेल्या कुत्र्यांत अधिक. मग सुई कशासाठी? तर मास्ट पेशींची गाठ नावाचा एक कर्करोग असतो आणि तो मोठा बहुरूपी आहे. तो कधी चामखिळीसारखा दिसतो, कधी किडा चावल्यासारखा, आणि कधी हाताला अगदी चरबीच्या गाठीसारखा मऊ लागतो. तो चाचपला तर त्यातून हिस्टामिन नावाचे सूज आणणारे रसायन सुटून गाठ लाल होते, फुगते, आणि दोन दिवसांनी पुन्हा बसते. माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो.

आईने यातले एकच ऐकले. घरी आल्यावर शेजारच्या काकूंना तिने सांगितले की खंडूला मस्त पेशी नाहीत, साधी चरबी आहे. हा विनोद तिला वाटतो तितका चुकीचा नाही, हे मला पुढे वाचनात कळले. पाऊल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ साली या पेशींना नाव दिले तेव्हा त्या दाण्यांनी भरलेल्या, खाऊनपिऊन तट्ट फुगलेल्या दिसल्या म्हणून त्याने पोसण्याच्या अर्थाचा 'मास्ट' हा शब्द निवडला होता. खाऊनपिऊन मस्त, असेच म्हणा.

खाण्यापिण्याचा विषय निघालाच आहे तर आमचा दोषही कबूल केला पाहिजे. खंडू तेव्हा अडतीस किलोंचा होता. भाकरीच्या शेवटच्या तुकड्यावर त्याचा हक्क होता आणि तो तुकडा तुपाशिवाय दिला जात नसे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या एका जनुकात असा खंड पडलेला असतो की त्यांची भूक भागल्याची खूण मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. खंडू त्या चतुर्थांशात असावा अशी माझी खात्री आहे, पण भाकरीला तूप लावणारा हात जनुकाचा नव्हता. आम्ही वर्षभरात त्याचे पाच किलो उतरवले. गाठी विरघळतील अशी माझी भाबडी आशा होती, झाले उलटेच. भोवतालची चरबी ओसरली आणि गाठी होत्या तशाच राहिल्या, त्यामुळे धुके उतरल्यावर टेकड्या दिसाव्यात तशा त्या रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसू लागल्या. सकाळी फिरायला येणारी मंडळी थांबून सल्ले देऊ लागली. कडुलिंबाचा पाला, एरंडेल, आणि एका गृहस्थांनी तर दोऱ्याने बांधून पाडण्याचाही उपाय सुचवला.

वही सुरू झाली ती दुसऱ्या गाठीपासून. शाळेची दोनशे पानी वही, पहिल्या पानावर मी काढलेले, वरून पाहिलेल्या कुत्र्याचे चित्र. ते पालीसारखे दिसते असे आई म्हणते. त्यावर गाठींचे क्रमांक आहेत आणि पुढे प्रत्येकीचे पान. बाबा लेथवर काम करत. त्यांचा व्हर्नियर कॅलिपर कपाटात पडून होता, तो यासाठी बाहेर निघाला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लांबी-रुंदी, मऊ की टणक, हलते की खालच्या स्नायूला चिकटली आहे, वरची कातडी लाल आहे का, केस गळले आहेत का, एवढे लिहायचे. नवी गाठ सेंटिमीटरभर झाली आणि महिनाभर टिकली की तिची स्वतंत्र सुई, कारण पहिली चरबीची निघाली म्हणून तिसरीही चरबीचीच असेल याची हमी कोणी देत नाही.

चौथ्या गाठीने मात्र जागा वाईट निवडली. ती डाव्या काखेत वाढली, सहा महिन्यांत टेनिसच्या चेंडूएवढी झाली, आणि खंडू पुढचा पाय बाहेर फेकून चालू लागला. तोपर्यंत काही कापायचे नाही असे आमचे ठरले होते. आता ती गाठ त्याला खरोखर सलत होती. रक्त, हृदय, छातीचा एक्स-रे, सगळे झाले. खंबाटकी ओलांडून शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही दाखवून आणले. भुलीची भीती मला वाटत होती तेवढीच डॉक्टरांनाही होती, फरक इतकाच की त्यांनी ती तपासण्यांत मांडली आणि मी रात्री छताकडे पाहत पडलो.

निघालेली गाठ स्टीलच्या ट्रेमध्ये होती. पिवळसर, गुळगुळीत, नुकत्या काढलेल्या लोण्याच्या गोळ्यासारखी. भरली चारशे दहा ग्रॅम. आई म्हणाली, "अच्छेराला जरा कमी." गळ्यात प्लॅस्टिकचा शंकू घालून खंडू दहा दिवस प्रत्येक दाराच्या चौकटीवर आपटत फिरला आणि आईने त्या शंकूचे नाव मखर ठेवले. आठव्या दिवशी जखमेखाली पुन्हा फुगवटा आला तेव्हा माझे पाय गळाले, पण ते रिकाम्या झालेल्या पोकळीत साचलेले पाणी होते आणि दोनदा उपसल्यावर ते थांबले.

बाकीच्या गाठी आम्ही तशाच ठेवल्या आहेत. पाठीवरची एक चांगलीच बेढब आहे, पण ती पाहणाऱ्यांना खुपते. खंडूला ती आहे हे बहुधा ठाऊकही नसावे.

मला खुपते ते वेगळेच. बारा वर्षांपूर्वी त्याच्या अंगावर फिरणारा माझा हात आता निव्वळ थोपटत नाही. तो चाचपतो, थबकतो, मोजतो, दोन बोटांत कातडी उचलून पाहतो. खंडूला हा फरक कळतो की काय कोण जाणे, पण रविवारी व्हर्नियर निघाला की तो उठून आईच्या पलंगापाशी जाऊन बसतो. आईच्या हाताला अजून आवाळू आणि अंग यांत भेद नाही. ती जप करता करता सगळ्यावरून सारखाच हात फिरवते.

परवा रात्री दिवा मालवल्यावर तो माझ्याकडे आला आणि कूस वळवून पडला. डाव्या मांडीच्या आतल्या बाजूला बोट अडले. वाटाण्याएवढी, मऊ, हलणारी. वही शेजारच्या खोलीत होती. मी उठू लागलो तसे त्याने पुढचा पंजा माझ्या मनगटावर ठेवला, आणि मी सकाळपर्यंत आठवे पान कोरेच राहू दिले.