आमची वाटचाल : मेगर, न्यूट्रल आणि अडकलेलं बिल

2009 साली आयटीआयचा मित्र आणि मी लातुरात वायरिंगचं काम सुरू केलं तेव्हा भांडवल म्हणजे सिरीज बोर्ड, टोंग टेस्टर आणि जुन्या बाजारातून आणलेला हाताने फिरवायचा 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र. मिनिटाला 160 फेऱ्यांचा वेग मनगटात बसायला वेळ लागतो. हल्लीच्या पोरांना बॅटरीवरचा लागतो; असो. मित्र पुढे पुण्याला नोकरीला गेला, मेगर माझ्याकडे ठेवून. वर्षं बरी गेली.

मग 2016 चा उन्हाळा आला. मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, त्याच दिवसांत आम्ही फिटिंग केलेल्या अपार्टमेंटमधून फोन सुरू झाले, "कूलर लावला की आरसीसीबी पडायलीय." आरसीसीबी म्हणजे करंट कुठे गळाला की वीज तोडणारा स्विच. बिल्डरने आमचं बिल अडवलं आणि दुसरा कॉन्ट्रॅक्टर आणला. त्याने खिशातला टेस्टर काढला, 'वायरिंगच लिकेज आहे' म्हणाला आणि आरसीसीबी सरळ बायपास केल्या. लोक खूश. आमच्या हातातली पुढची दोन्ही कामं गेली, पोरांचे पगार सोनं गहाण ठेवून केले.

टेस्टरला फेज (वीज आणणारी वायर) दिसतो. न्यूट्रल (परतीची वायर) अर्थला टेकून करंट गळतोय हे त्याला कसं दिसणार? शिवाय त्या उन्हाळ्यात अर्थिंगचे खड्डे ठणठणीत कोरडे. प्यायला पाणी नाही, खड्ड्यात कोण ओतणार? अशा अर्थिंगवर कूलरच्या बॉडीत फेज आला तर एमसीबी (करंट फार वाढला की पडणारा स्विच) पडण्याइतका करंटच वाहत नाही. तिथे माणूस वाचवते ती 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी, आणि नेमकी तीच यांनी काढली.

तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त गुरुजींनी तेवढं दार उघडलं. बेडरूमचा एमसीबी खाली असतानाही हॉलमधल्या कूलरवर ट्रिप होत होतं. सिंगल पोल एमसीबी फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि गळती चालूच. मेन बंद केला, न्यूट्रल लिंकवरच्या (सगळे न्यूट्रल जोडायच्या पट्टीवरच्या) वायरी एकेक सोडून मेगर मारला. बेडरूमचा न्यूट्रल-अर्थ शून्य, म्हणजे दोन्ही एकमेकांना टेकलेले. फॉल्स सीलिंगवाल्याने स्लॅबमध्ये ड्रिल मारलं होतं, थेट आमच्या वायरींच्या पाइपात! गुरुजींनी फोटो काढून सगळ्या बिऱ्हाडांना दाखवले. पुढे त्यांच्या मुलाचं आणि जावयाचं घरही आम्हीच केलं. बिल्डरचं बिल अजून यायचंय.

फ्लॅट घेताना प्रत्येक सर्किटचं मेगर रीडिंग लिहून मागा : फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. 1 मेगोहमच्या खाली असेल तर शेवटचा हप्ता देऊ नका. फॉल्स सीलिंगनंतर पुन्हा मोजायला लावा. त्याआधी टीव्ही, इन्व्हर्टर, एलईडी सोडवून घ्या, नाहीतर 500 व्होल्टने तेच जातील. आम्ही तो कागद डीबीच्या (स्विचांच्या पेटीच्या) दाराला आतून चिकटवून देतो. त्या कॉन्ट्रॅक्टरच्या एकाही डीबीत मला तो अजून दिसलेला नाही.